दाते तात्यांचा आकडा

तात्यांचं आडनाव दाते नव्हतं. पण बारामतीतल्या आमच्या प्रयोगशाळेत जो कुणी नवा यायचा तो पहिले सहा महिने त्यांना दातेच समजायचा, आणि तात्याही कुणाची चूक दुरुस्त करायच्या भानगडीत पडायचे नाहीत. नाव पडलं होतं ते दातांवरून. कुणी हरभऱ्याचा, तुरीचा, मुगाचा नमुना आणला की तात्या त्यातला एक दाणा उचलायचे, सदऱ्याला पुसायचे, डाव्या दाढेखाली धरायचे आणि डोळे मिटून 'कट्' असा आवाज येईपर्यंत दाबायचे. मग दोनदा चावून, जिभेवर फिरवून सांगायचे, "एकोणीस. साडेएकोणीस म्हण." म्हणजे शंभर ग्रॅम दाण्यात साडेएकोणीस ग्रॅम प्रथिनं. तो आकडा एका चिठोऱ्यावर लिहून ते खणात टाकायचे. आठवड्याने तपासणीचा कागद तयार व्हायचा आणि त्यावर तोच आकडा असायचा. फार तर पाव-अर्ध्याचा फरक.

शेतकरी तोंडात बोट घालायचे. मीही घातलं. लासुर्ण्याला घरी गेले की जेवताना मी तात्यांच्याच गोष्टी सांगायची. आमच्याकडे शेत म्हणजे ऊस आणि डाळ म्हणजे दुकानातून आणून आमटीत टाकायची वस्तू, त्यामुळे दाणा चावून त्याच्या पोटातलं सांगणारा माणूस घरच्यांना देवऋषीच वाटायचा. वडील म्हणायचे, "अगं, मग ती यंत्रं कशाला ठेवलीत तितं?" आम्ही सगळे हसायचो. वडिलांनी तो प्रश्न गमतीत विचारला होता, आणि मी शिकलेली असूनही तो गमतीतच घेतला.

बी.एस्सी. होऊन मी तिथे मदतनीस म्हणून लागले त्या दिवशी तात्यांनी विचारलं, "काय काय येतं तुला?" मी घाबरून म्हटलं, "काही नाही." "ब्येस झालं," ते म्हणाले, "रिकामी बाटली बरी. आदीच भरलेली आसली की वताय लागती." आणि तिथूनच त्यांनी पहिला धडा दिला. कडधान्यातली प्रथिनं काढायची म्हणजे पीठ आम्लात घालून भट्टीवर उकळायचं, त्यातलं नत्र बाहेर काढायचं आणि थेंब थेंब मोजायचं. पण त्याआधी एका बाटलीत दाण्याशिवाय बाकी सगळं घालायचं आणि तीही तशीच उकळायची, तशीच मोजायची. त्या रिकाम्या बाटलीत जे काही निघेल ते आम्लाचं, पाण्याचं, काचेचं. ते दाण्याच्या आकड्यातून वजा करायचं. "आधी रिकामं मोज," तात्या सांगायचे. "भांड्याचं पाप दाण्याच्या माथी मारायचं न्हाय."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. लाल शाईने, खाली दोन रेघा मारून.

तात्यांची गणितंही तोंडी असायची. नत्र निघालं की सव्वासहानं गुणायचं, झाली प्रथिनं. सव्वासहाचा पाढा त्यांना दोनच्या पाढ्यासारखा यायचा. आम्ही कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत त्यांचं उत्तर तयार. तुलना करताना मात्र ते कुणालाही सोडायचे नाहीत. एकदा एक बागायतदार आला आणि टेबलावर दोन पुड्या आपटून म्हणाला, "ह्यो माझा आन् ह्यो भावकीतला. कुणाचा भारी ते सांगा." तात्यांनी पुड्या उघडल्या. एकीत चण्याची डाळ, दुसरीत सालीसकट हरभरा, तोही नुकता काढलेला, दमट. तात्या म्हणाले, "राव, एक पैलवान कपडे काढून आलाय, दुसरा घोंगडं पांघरून वल्ला हून आलाय. कुस्ती कशी लावू? दोघांला सारखं करून आणा." साल आली की प्रथिनांचा आकडा खाली जातो, ओल आली की आणखी खाली, हे पुस्तकात मी चार पानं वाचलं होतं. डोक्यात शिरलं ते त्या दिवशी.

आणि माणूस मायेचा होता, हे आज कितीही राग आला तरी सांगायलाच हवं. डब्यातली अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवायचे. मी गावाकडची, साहेब लोकांपुढे तोंड उघडायला भ्यायची, तर मुद्दाम मला पुढे ढकलून "ही सांगल" म्हणायचे. पहिल्याच वर्षी माझ्या हातून वाफ थंड करायची काचेची लांब नळी फुटली. महागाची वस्तू, परगावाहून मागवावी लागे. मी तिथेच रडायला बसले. साहेब आले, त्यांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत तात्या म्हणाले, "माझ्या कोपराचा धक्का लागला, सायेब." डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही. मला तेव्हा ते देवासारखे वाटले. हा माणूस इतक्या सहज खोटं बोलू शकतो, हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. पण खोटं माझ्या बाजूने होतं ना, मग मी कशाला बघते!

माझी आत्या सुप्याला दिलेली. तिकडे कोरडवाहू, विहिरीला पाणी दिवाळीपर्यंत. आत्याकडे तिच्या सासूपासून चालत आलेला हरभरा होता. बारका, काळपट, सुरकुतलेला दाणा. बाजारात नेला तर व्यापारी नाक मुरडायचा, पण पाणी नसलं तरी यायचा आणि आत्याच्या मते त्याच्या पिठल्याला जी चव होती ती दुसऱ्या कशाला नव्हती. दरवर्षी ती बियाणं राखेत घोळवून, कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवायची. गावात बाकी सगळ्यांनी सुधारित वाण धरलं होतं. हा हरभरा आता एकट्या आत्याच्या पट्टीत उरला होता. तिला मूलबाळ नाही. मागे हे कोण पेरणार, एवढीच एक काळजी तिला सारखी कुरतडायची.

अशात त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या एका बियाणे गटाने ठरवलं, की गावरान वाणांपैकी ज्यात सुधारित हरभऱ्यापेक्षा प्रथिनं जास्त निघतील ते सगळ्यांनी मिळून वाढवायचं. आत्याने मला फोन केला. "सुमे, तू तितंच हायस न्हवं? माझा हरभरा तपासून दे बाय." मी सुट्टीत गेले तेव्हा तिने नमुना तयार ठेवला होता. जुन्या लुगड्याच्या कापडाची पिशवी, आत राख लावलेला हरभरा, आणि तोंड गोधडीच्या टाक्याने, हिरव्या दोऱ्याने शिवून टाकलेलं. शेवटाला तीन गाठी. "वाटंत सांडाय नको," ती म्हणाली. वर कागदात एक मूठ वेगळा दिला, "तुज्या त्या तात्यास्नी चवीला."

तात्यांनी कागदातला दाणा उचलला, पुसला, दाढेखाली धरला. या वेळी जरा वेळ लागला. दोन दाणे आणखी घेतले. मग म्हणाले, "हलका हाय पोरी. सतरा." माझा चेहरा पडला. "पण यंत्रावर बघू की," ते म्हणाले, "दात काय देव हाय व्हय?" आणि पिशवी ठेवून घेतली. शेतकऱ्यांचे नमुने तेच करायचे, त्यांची वहीही त्यांच्याच खणात असायची. माझ्याकडे साहेबांच्या चाचणी प्लॉटचे नमुने असायचे. आठवड्याने कागद आला. सतरा पूर्णांक एक.

तो कागद सुप्याला जाऊन आत्याला मी वाचून दाखवला. सुधारित वाणाचा आकडा वीस होता. आत्याने दोनदा विचारलं, "म्हंजी माझा हरभरा हलका निघाला व्हय?" मी म्हटलं, "आत्या, तात्यांनी स्वतः मोजलंय." ती मान हलवून आत गेली. गटाने दुसरं एक गावरान वाण घेतलं. आत्याने त्या वर्षी मडक्यातलं बियाणं दळून बेसन केलं आणि पट्टीत गावातल्या बाकीच्यांसारखा सुधारित हरभरा पेरला. "हलकं बी कुणाच्या गळ्यात कशाला बांधू?" एवढंच म्हणाली. बेसनाचे लाडू मलाही पाठवले होते. मी खाल्ले.

पुढच्या वर्षी तात्या निवृत्त झाले. निरोपाला मी हुंदके देऊन रडले. जाताना त्यांनी आपलं बसायचं लाकडी स्टूल माझ्या टेबलापाशी आणून ठेवलं आणि म्हणाले, "ह्याच्यावर बसून कधी घाईनं मोजू नगंस." इंदापूर तालुक्यातलं कळंब त्यांचं गाव, तिथे ते गेले. दिवाळीला मी त्यांना फोन करायची. ते "आधी रिकामं मोजतीस न्हवं?" विचारायचे.

गेल्या दसऱ्याआधी, खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायची म्हणून आम्ही प्रयोगशाळा झाडायला काढली. तात्यांच्या जुन्या कपाटाचा खालचा कप्पा ओढला आणि जुन्या गाळणकागदांच्या गठ्ठ्यामागे ती पिशवी दिसली. लुगड्याचं कापड, हिरवा दोरा, तीन गाठी. एकही टाका उसवलेला नव्हता.

आत्याचा टाका मी ओळखते. त्याच टाक्याच्या गोधडीत मी लहानाची मोठी झाले. तो उसवून कुणी पुन्हा तसा शिवू शकत नाही. मग मी शेतकऱ्यांची वही काढली. आत्याच्या नमुन्यापुढे सगळे आकडे होते, वजन, थेंब, नत्र, सव्वासहानं गुणून आलेलं उत्तर. सुबक अक्षर. फक्त एक रकाना मोकळा होता, रिकाम्या बाटलीचा. मागची पानं चाळली. प्रत्येक शेतकऱ्याच्या नावापुढे रिकाम्याचा रकाना रिकामा. पार जुन्या पानांवर मात्र तो भरलेला होता, आणि कडेला दातानं सांगितलेला आकडाही लिहिलेला होता. म्हणजे एके काळी तात्या दातानं सांगायचे आणि यंत्रानं खरंच मोजायचे, आणि दोन्ही जुळायचंही. पण ते मी तिथे लागायच्या आधी. मी बघितलेला एकेक चमत्कार त्यांनी खणातल्या चिठोऱ्यावरून वहीत उतरवलेला होता.

साहेबांना वही दाखवली. त्यांनी ती कुलपात ठेवली आणि जुने नमुने पुन्हा मागवायचं बघतो म्हणाले. मी रजा टाकून कळंबला गेले.

तात्या ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी घरात हाक मारून चहा सांगितला. आवाज जरा बोबडा येत होता. शेजारच्या कपात पाणी होतं आणि पाण्यात दातांची कवळी. माझी नजर तिकडे गेली तशी त्यांनी घाईने ती उचलून तोंडात बसवली. मी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी ती हातात घेतली, फिरवली, गाठींवरून बोट फिरवलं. "ही उघडली न्हाय व्हय मी?"

"नाही."

"मग सतरा कुठनं आला?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

"तेच विचारायला आलेय, तात्या."

त्यांनी पिशवी हळूच खाली ठेवली. मग म्हणाले, "भट्टीची सहातली दोनच भोकं तापायची, पोरी, तुला ठावंच हाय. ती सायबांच्या नमुन्यांलाच पुरायची न्हाईत. आन् दात तर कधी चुकत नव्हता."

"मग भट्टी बिघडलीय म्हणून सांगायचं. शेतकऱ्यांना परत पाठवायचं."

"कोस कोस चालून येत्यात लोकं. हात हलवत माघारी लावू? त्यास्नी आकडा पायजे हुता. मी दिला."

"आणि ही कवळी कधीची?"

त्यांनी मान खाली घातली. "गुडघ्याचं म्हणून म्हैनाभर रजा काढली हुती बघ. तवाची." म्हणजे आत्याच्या पिशवीच्या आधीची. म्हणजे आत्याचा हरभरा प्लॅस्टिकच्या दाढेखाली मोजला गेला. "दाढ गेली तरी लोकं दाणं घिऊन येतच राहिली," तात्या म्हणाले. "दाते तात्या म्हणत्यात. न्हाय कसं म्हणू?"

मला हसू यायला हवं होतं. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मी पोट धरून हसले असते. पण माझ्या डोळ्यांपुढे आत्याचं मडकं होतं. मी म्हटलं, "साहेबांचे नमुने यंत्रावर आणि आपल्या माणसांचे दातावर. तुम्ही स्वतः शेतकऱ्याच्या पोटचे, तात्या. भांड्याचं पाप दाण्याच्या माथी मारायचं नाही, हे मला कुणी शिकवलं?" चहा आला, त्यावर साय धरली. मी उठले तेव्हा ते पिशवीकडे बघत एवढंच म्हणाले, "मोजलास की कळव. किती निघतो ते."

त्यातही त्यांना आकडाच हवा होता! एसटीत बसल्यावर मला रडू फुटलं. फसवलं याचं दुःख तर होतंच, पण ज्याच्या बोटाला धरून खरं कसं मोजायचं ते शिकले, त्यानेच फसवावं, याने आतून कसं पोखरल्यासारखं झालं. शेजारच्या बाईने विचारलं, "घरातलं कुणी गेलं का?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी टाका उसवला. राखेमुळे आणि पाल्यामुळे दाण्याला कीड लागली नव्हती. पंचवीसेक दाणे काढून घेतले, दळले, वाळवले. तीन बाटल्या दाण्याच्या आणि त्यांच्याआधी एक रिकामी. भट्टी आता नवी आहे, सहाही भोकं तापतात. हात आपोआप तात्यांच्याच पद्धतीने चालत होते, आणि त्याचाही मला राग येत होता. आकडा आला साडेएकवीस. सुधारित वाणापेक्षा दीडने जास्त. त्या आठवड्यात तात्यांचे तीन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. तो आकडा त्यांना मी आजपर्यंत सांगितलेला नाही.

उरलेले दाणे घेऊन सुप्याला गेले. आत्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिने दाणे हातात घेतले, वास घेतला. मग विचारलं, "आता ह्यो आकडा कुणी काढला?"

"मी. माझ्या हातानं."

"मग तवाच का न्हाय काढलास?" ती म्हणाली. "तू तितंच हुतीस की."

नमुना तात्यांच्या कपाटात होता, वही तात्यांच्या खणात होती, आणि दोन्हींपासून माझं टेबल दहा पावलांवर होतं.

आत्याने दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. चार उगवले. तेवढ्या हिशोबाने तिने परसात दोन ओळी दाट पेरल्या, घागरीने पाणी घातलं, चिमण्या हाकायला दिवसभर बसली. फाल्गुनात पसाभर-दोन पसे हरभरा झाला. बियाणे गटातल्या लोकांना मी साडेएकवीसचा कागद आधीच दाखवला होता. ते म्हणाले, नव्या पिकाचा आकडा आणा, मग विचार करू.

मी म्हटलं, आत्या, नमुना पाठवून दे. तिने पाठवला नाही. गेल्या आठवड्यात ती स्वतः सुप्याहून एसटीने बारामतीला आली. आयुष्यात पहिल्यांदा प्रयोगशाळेत पाऊल टाकलं. पिशवी लुगड्याचीच, टाका तोच, पण या वेळी दुहेरी आणि गाठी सहा. तात्यांच्या स्टुलावर बसली, मांडीवर पिशवी घट्ट धरली आणि कमरेच्या बटव्यातून स्वतःची कात्री काढली.

"माझ्याम्होरं उसव," ती म्हणाली. "बघतिया मी."

ज्या आत्याने माझी वेणी घातली, मला पोहायला शिकवलं, ती माझ्यावर नजर ठेवायला एसटीने आली होती. मी म्हटलं, "थांब, आधी हे." आणि रिकामी बाटली भट्टीवर चढवली.

आत्या वाकून बघायला लागली. "ह्यात तर कायच न्हाय की."

"आधी रिकामं मोजायचं असतं."

"ते कशाला?"

"भांड्याचं पाप दाण्याच्या माथी जाऊ नये म्हणून."

आत्याने माझ्याकडे बघितलं. "चांगलं हाय. कुणी शिकवलं?"

"ज्यानं तुझी पिशवी उघडली न्हाय, त्यानंच," मी म्हटलं.

आत्याने मांडीवरची पिशवी टेबलावर ठेवली. मग तिने कात्री माझ्या हातात दिली.